डोळे येणे

बालवाडीच्या बाईंनी डायरीत लिहिलं,
‘शलाकाचे डोळे आलेत. बरे होईपर्यंत पाठवू नये.’
खाली दोन रेघा.

मी फॉल-बिडिंग करते, कन्नमवारनगरात, तळमजल्यावर.
लाल रंगाचीच अकरा रिळं आहेत माझ्याकडे.
तिच्या बुबुळाच्या कडेनं, पांढऱ्यावर,
जो बारीक धागा नागमोडी गेलाय
तो त्यातल्या एकाशीही जुळत नाही.

थेंब घातले. गुलाबपाणी घातलं.
घोसाळकरबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या,
चांगल्या तडतडल्या.
धागा तिथेच.

मग परळ.
डॉक्टरीणबाईंनी आधी बॅटरी धरलीच नाही.
खिशातलं पेन डावीकडे नेलं, म्हणाल्या, बघ.
शलाकाची मान वळली,
पेनाच्या पुढे गेली,
थांबली,
आणि मग मागून
सावकाश
डोळे आले.

हे मी रोज पाहत होते.
हाक मारली की आधी चेहरा, मग ती.
मला वाटायचं, लाडात येते.

त्यांनी सांगितलेलं लांबलचक नाव
मी हिशेबाच्या वहीत उतरवलं, पिकोच्या उधारीखाली.
चालतानाची झोकांडी, न हटणारा खोकला, कानातला पू,
सगळं त्याच एका धाग्यात ओवलेलं निघालं.
‘हिच्यापासून कुणाला काही होत नाही,’ त्या म्हणाल्या,
‘हिलाच सगळ्यांपासून होतं.’
आता हे वाक्य डायरीत
बाईंना कसं लिहायचं?

नणंद म्हणाली, आमच्यात तर कुणालाच नाही.
आमच्यातही नाही.
एक बारीकशी चूक माझ्याकडची, एक विलासकडची,
आपापल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप बसलेल्या,
आमच्या लग्नात भेटल्या.
पत्रिका जुळली होती. छत्तीसपैकी एकोणतीस.

दर चौथ्या मंगळवारी बाटली लावतात.
हजारो माणसांच्या रक्तातून गाळलेलं, सिस्टर सांगते.
कुणी जिंकलेला गोवर, कुणाची परतवलेली सर्दी,
थेंब थेंब तिच्या मनगटात.
कुठले लोक, विचारलं मी.
तिलाही माहीत नव्हतं.
पाच तास मी त्या लोकांकडे बघत बसते.

दप्तराच्या वरच्या कप्प्यात कार्ड असतं:
विचारल्याशिवाय एक्सरे काढू नये.
खालच्या कप्प्यात पुठ्ठा.
साडीच्या खोक्याचा, मधोमध खिडकी कापलेला,
एका वेळी एकच ओळ दिसेल असा.

संध्याकाळी मशीन बंद करून आम्ही वाचायला बसतो.
ती मान नेते ‘कमळ’च्याही पलीकडे.
पूर्वी मी बोट ठेवायचे, हनुवटी धरून वळवायचे.
आता हात मांडीवर ठेवते.

आले का गं?
‘थांब,’ ती म्हणते,
‘येतायत.’