धाकटी

कॅनडा कॉर्नरच्या मोबाईलवाल्याने
कव्हरांच्या खोक्यातून दोन्ही काढल्या, हळूच.
मोठीत रस जास्त, चार्जिंग दीड दिवस,
पण खिशात साबणाच्या वडीसारखी फुगते.
धाकटी मुठीत मावते,
द्वारकेच्या सिग्नलपर्यंतच धापा टाकते.
पुन्हा भरता येतात, म्हणाला, दोन्ही.
मी धाकटी घेतली.
लपते म्हणून.

आईलाच सापडली, शर्ट भिजवताना.
सिन्नरला हजाराच्या हिशेबाने विड्या वळलेली तिची बोटं.
तळहातावर तोलली:
"दोन कट्टे भरतील वजनाला."
हुंगली. "आंबा?"
मग उलटीपालटी करत,
"आणि पान कुठंय हिचं?"

मी नळ बंद केला.
तिने ती पदराला पुसून
फळीवर ठेवली,
पानं कापायच्या
गंजक्या कात्रीशेजारी.