पाचवं कारण

प्रश्न तिसरा : झारशाहीच्या ऱ्हासाची पाच कारणे लिहा.
फळ्यावर चार होतात.
बाहेर वागळे इस्टेटमध्ये कुठला तरी भोंगा वाजतो,
उशिरानं.

शेवटच्या बाकावर इलियास खोत,
राबोडीच्या बेकरीत पहाटे तीनला पीठ मळणारा,
कोपरापर्यंत भट्टीचे डाग.
विचारतो, सर, पाव संपला म्हणजे
पीठ नव्हतं की सरपण?

पुस्तकात नाही हे.
पीठ होतं, म्हणतो मी,
लांब कुठल्या स्टेशनात, बर्फात रुतलेल्या वॅगनींत.
बायका रात्रीपासून रांगेत.
आणि झार?
आघाडीवर. रोजनिशीत हवामान लिहीत होता.

इलियास हसत नाही.
आमचा शेठपण, सर, रांग वाढली की
शटर अर्धं ओढतो.
पूर्ण बंद असलं तर माणूस शिव्या देऊन घरी जातो.
अर्ध्याखालून भट्टीचा उजेड दिसतो,
वास येतो.
मग कोणी हलत नाही.

त्यांचं कॅलेंडर जगाच्या तेरा दिवस मागं होतं,
मी विषय बदलतो,
फेब्रुवारीत सिंहासन गेलं तेव्हा
बाकीकडं मार्च लागला होता.
पोरं भिंतीकडं बघतात.
तिथलं कॅलेंडर बंद पडलेल्या कंपनीनं दिलेलं,
सहा वर्षांपूर्वीचं, खिळा गंजलेला.

शिपाई किल्ल्या वाजवतो.
इलियास वही पुढं करतो.
पाचवं कारण, पेन्सिलीनं : अर्द शटर.

बोर्डाचा माणूस याला शून्य देईल,
मला माहीत आहे, त्यालाही.
मी ‘अर्द’चं ‘अर्धं’ करतो,
बाकी काही खोडत नाही.