लवंग कमी आहे

रामबागेतल्या मेडिकलवाल्यानं बाटली
वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, चोरीचा माल असावा तशी.
"एक टोपण औषध, तीन टोपणं पाणी.
अर्धा मिनिट. आणि गिळू नका, काका."

कागद सोडायच्या आधीच मी ओळखलं.
तपकिरी, रुंद खांद्यांची.
वडील ड्रेसिंगच्या खोलीत एकतीस वर्षं होते,
आमचे फुटलेले गुडघे घरीच धुवायचे.
सस्स व्हायचं, पांढरा फेस वर यायचा,
ते म्हणायचे, घाण बोलायला लागली बघ,
आता बरं वाटेल.

गुडघ्याचं ठीक होतं. पण हे तोंड
सत्तावीस वर्षं छावनीतल्या एका कारखान्याचं आहे.
सकाळी सहाला पहिला घाणा निघतो,
लवंगशेव जाळीवर निथळते
आणि सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघतात.
मी चावतो. मान हलवली तर पाकिटं भरतात.

आषाढात खालची दाढ ठणकायला लागली.
कुमुदनं लवंग दिली, दाबून धरा म्हणाली.
धरली. आठ दिवस, झोपेतसुद्धा.
आणि आठ दिवस मी कारखान्यात सांगत राहिलो:
लवंग जास्त झालीय. कमी करा.
अजून कमी.
सियागंजातून आलेलं पोतं
गळ्याची गाठ आवळून कोपऱ्यात बसून राहिलं.

गिऱ्हाईक बोललं नाही. ते भांडत नाही,
शेजारच्या दुकानात जातं.
बोलला लोकेंद्र, बेसन मळणारा, एकोणीस वर्षांचा:
"भिया, इस लौंग सेव में लौंग किधर है?"

मी ओरडणार होतो.
तोंड उघडलं
आणि माझाच वास माझ्या नाकात शिरला.

त्या दिवसापासून ही बाटली.
बेसिनवर वाकतो. हिरड्यांत मुंग्यांची जत्रा,
फेस गालांत मावत नाही.
कुमुद दारातून म्हणते, पिसाळलात की काय.
हसता येत नाही, हसलो तर गिळेन.
तीस मोजतो. थुंकतो.
पांढऱ्यात थोडं गुलाबी.
घाण बोलली असेल. मला काही ऐकू आलं नाही,
दाढ मात्र ठणकतेच आहे,
डॉक्टरणीनं सोमवारची वेळ दिलीय.

नंतर तासभर जीभ म्हणजे भिजलेला पुठ्ठा.
म्हणून पहिला घाणा सध्या लोकेंद्र चावतो.
सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. मीही.
माझ्या चेहऱ्यावर इतकी वर्षं
नेमकं काय दिसत होतं यांना?
तो घाई करत नाही. डोळे मिटतो,
दुसरा घास घेतो, जो मी कधी घेतला नाही,
आणि म्हणतो, थोडी और.

मी पोत्याकडे गेलो. गाठ जुनी, सुतळी चिवट.
सवयीनं दात लावणार होतो.
मग खाली बसलो,
नखांनी सोडवत राहिलो.