पुढे चार बोटं, मागे अडीच

चाकाच्या वर, मडगार्डच्या ओठाखाली
गेंदालाल पांचाल आडवा हात घालतो.
पुढे चार बोटं जातात, मागे अडीच.
फूटपट्टी आहे त्याच्याकडे, खिळ्याला टांगलेली,
तिला कुणी हात लावत नाही.
"कमानी बैठ गई, भिया."

आपल्याकडे किती काय काय बसतं:
घसा बसतो, धंदा बसतो,
मातीची भिंत एका रात्रीत बसते,
आणि शिंप्याने पहिल्यांदाच नीट बेतलेला ब्लाउज
तोही बसतोच.

एकोणीस वर्षं बाबांनी या झेनच्या डिकीतून
रंगाचे डबे नेले.
देवास, महू, सांवेरची दोन दुकानं.
पांढरा सगळ्यांत जड, ते सांगायचे,
आणि खपायचाही तोच.
फेब्रुवारीत बाबा गेले, मार्चमध्ये मी डबे उतरवले.
वाटलं होतं, गाडी आता वर येईल.
आली. बोटभर.
बाकीचं स्प्रिंगने ठेवून घेतलं.

मागून खाली म्हणजे पुढून वर.
रात्री बायपासला माझे दिवे
समोरच्याच्या थेट डोळ्यांत जायचे,
तो डिपर मारायचा, काच खाली करून आईबहीण काढायचा.
मी बल्ब बदलले. दोनदा.

लोहा मंडीत माझ्या पुढे एक पोरगा होता.
दीड वेढा कापून दे म्हणाला,
गाडी रस्त्याला चिकटली पाहिजे.
गेंदालालने ग्राइंडर उचललाच नाही.
कापलेली स्प्रिंग नुसती बुटकी होत नाही, म्हणाला, हट्टी होते;
वेढे कमी, तेवढी वाकायला नाराज,
मग प्रत्येक खड्डा तुझ्या मणक्यात.
पोरगा चौथ्या दुकानात गेला.
तिथून ठिणग्या दिसल्या.

माझ्या नव्या स्प्रिंगा काळ्या, पिवळा ठिपका दिलेल्या.
गाडी मागून नाकतोड्यासारखी उभी राहिली.
"हजार किलोमीटर चला, उतरेल जराशी."

मंगळवारी रामबागेतून कालिंदीआत्याला
फिजिओकडे न्यायचं असतं.
टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झालेली बाई,
मागचं दार उघडून सीटकडे बघत राहिली.
आधी ती पाठमोरी व्हायची, बसायची,
मग पाय आत घ्यायची, एकेक,
उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे.
आज सीट मांडीच्या मध्यावर.
"ही उंच झाली, की मी उतरले?"

मी दिव्यांचं सांगितलं, टायरचं सांगितलं,
स्पीडब्रेकरवर मागून येणाऱ्या त्या ठोक्याचं.
लाइन खराब असल्याची तक्रार ऐकावी
तसं तिने ऐकून घेतलं.
"नोंद झाली. आता जुन्या परत बसव.
दादाची गाडी मला बरोबर होती."

मी गप्प. मागे कचरागाडी येऊन थांबलेली,
तिचं गाणं सुरूच.
आत्या घरात गेली,
न्हाणीतला पाट घेऊन आली, ओलाच,
रस्त्यावर ठेवला, एक पाय त्यावर, टेकली, बसली,
आणि पाट उचलून मांडीवर घेतला.
"चल. ते बिचारे खोळंबलेत."

जुन्या दोन स्प्रिंगा गेंदालालने वर्तमानपत्रात बांधून दिल्या होत्या.
भंगारात बावीस रुपये किलो.
एक गेली. एक आत्याच्या ओसरीत उभी आहे,
कशी राहिली ते मला विचारू नका.

आज गेलो तर आत्या भिंत धरून उभी,
डावा पाय स्प्रिंगवर,
ओठांत आकडे. फिजिओने वीस सांगितलेत.
मला खाली बसवलं,
वेढ्यांमध्ये बोट घालून बघ म्हणाली,
डोळ्यांना काही दिसत नाही.

"दबतेय?"
"केसभर."
"आणि परत येतेय?"

मी बोट तिथेच ठेवलं.
थांब, म्हणालो,
अजून चौदाच झालेत.