दोन सूत

आता गाडी येते रात्री तीन चाळीसला.
आली नाही, तर पाच दहाला.
गावात हे सगळ्यांना ठाऊक,
तरी फोन करतात. मी उचलते.
"हॅलो, स्टेशन. हो, मीच, व्हर्नेटा.
नाही, अजून नदीपलीकडेच आहे."

मोठा हॉल आमच्याकडे राहिला नाही.
तिथे शनिवारी लग्नं लागतात,
तिकिटांच्या अकरा खिडक्यांत दारूच्या बाटल्या मांडतात,
घड्याळाखाली केक.
आम्ही पूर्वेच्या खोलीत. एक खिडकी,
चौतीस खुर्च्या, पाण्याचा नळ,
संडासाची किल्ली हातभर फळीला बांधलेली,
नाहीतर ती केव्हाच शिकागोला गेली असती.
पन्नास पौंडांपर्यंतचं सामान मी घेते.
एखाद-दोन पौंड जास्त भरलं
तर काट्याकडे न बघता पावती फाडते.

दारावरच्या पितळी पाटीवर इतिहास आहे:
दिवसाला बासष्ट गाड्या,
घुमटाची उंची, महापौराचं नाव,
संगमरवर कुठल्या खाणीतला, तेही.
भिंतीबद्दल पाटी काही बोलत नाही.

भिंत हॉलच्या दक्षिण कोपऱ्यात होती.
अलीकडे गोरे, महोगनीची बाकं, बुटाला पॉलिश.
पलीकडे आम्ही.
हॉलच्या सहाव्या हिश्श्यात
निम्मे प्रवासी.
माझे वडील लाल टोपीचे हमाल, नंबर एकोणीस.
नाव लेम्युएल. हाक यायची "जॉर्ज",
सगळ्याच हमालांना जॉर्ज.
दिवसभर ते सगळ्या संगमरवरावर चालायचे,
डबा खायला मात्र भिंतीपलीकडे.
मी जन्मले त्या वर्षी
एका रात्रीत ती पाडली. विटा ट्रकमध्ये, राडारोडा झाडून.
सकाळी जणू कधी नव्हतीच.

मागच्या मार्चमध्ये फरशीवाला आला, एलिसेओ तुत्झ.
लग्नवाल्यांची तक्रार होती:
त्या कोपऱ्यात टेबलं डुगडुगतात,
एका नवरीची टाच अडकली.
त्याने ओळंबा धरला, पट्टी ठेवली, वाकून पाहिलं,
मग बोटाच्या पेराने फरशी वाजवली
कलिंगड वाजवतात तशी.
आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला,
"दोन सूत खाली आहे. जमीन खचलेली नाही,
खालून भरीव आवाज येतो.
दगड वरून गेलाय. इथे काय होतं?"

मी सांगितलं.
कुणीतरी उभं राहण्याची जागा, म्हटलं.
एका पायावरून दुसऱ्या पायावर.
कडेवर मूल घेऊन.
डेट्रॉइटच्या गाडीची वाट पाहत.

तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला,
तळवा फरशीवर ठेवून.
मला वाटलं, आता काही मोठं बोलेल.
म्हणाला, "घासायचे पैसे ठरलेत.
उरलेला हॉल दोन सूत घासायचा,
म्हणजे सगळं सारखं."
मी काहीच बोलले नाही. गाडी आली होती,
एका म्हातारबाबांना व्हीलचेअरसकट चढवायचं होतं.

परत आले तर तो पायरीवर बसून
ओकचा एक तुकडा तासत होता.
पाचरी. दोन सूत जाडीच्या, चोवीस,
टेबलाच्या पायांखाली सरकवायला.
घासायचं यंत्र गाडीतून उतरवलंच नव्हतं.
लग्नवाल्यांना बिल मात्र पूर्ण लावलं,
आणि ते त्यांनी भरलं, टेबलं हलेनात म्हणून.

पंचविसावी पाचर मला दिली.
ती सामानाच्या काट्याखाली आहे,
डाव्या बाजूला, जिथे तो कायम कलायचा.
आता वजन अगदी खरं दाखवतो.

तरी एखाद-दोन पौंड मी बघत नाही.