जमेची बाजू

इतवारीतल्या मसाल्याच्या पेढीवर एकवीस वर्षं
मी दुसऱ्यांचे हिशेब लिहिले.
हळदीनं पिवळी झालेली बोटं,
डावीकडे जमा, उजवीकडे नावे,
यापलीकडे मला पैशाची भाषा येत नाही.

म्हणून ऋजुता म्हणाली, "बाबा, क्रेडिट मिळते,"
तेव्हा मी तिच्या आईकडं पाहिलं.
आमच्या गल्लीत क्रेडिट म्हणजे
पाटीवर खडूनं लिहिलेलं: आज रोख, उद्या उधार.
"कोणाकडून घेऊन राहिली?" मी विचारलं.
"आणि व्याज?"
"कायचं व्याज, बाबा," ती म्हणाली,
आणि पुस्तकात परत गेली.

शनिवारी शाळेनं पालकांना बोलावलं.
वर्धा रोडची शाळा, शिष्यवृत्तीवर मिळालेली,
चपला काढाव्यात की नाही ते कळू नये असा हॉल.
लोबो मॅडमनी समजावलं:
कॉलेजातला विषय, शाळेत असतानाच शिकायचा.
मे महिन्यात परीक्षा. गुण पाचपैकी.
तीन म्हणजे बरं, चार म्हणजे चांगलं,
पाचावर त्या नुसत्या हसल्या.

मी हाक मारली. पेढीवर हात वर करत नाहीत,
त्यामुळं आवाज मोठाच निघाला.
"मॅडम, पाच आले तर कॉलेज फी कमी करते का?"
कोणी हसलं नाही. बरं वाटलं.
"काही कॉलेजं तो विषय झाला असं धरतात," त्या म्हणाल्या,
"तेवढ्या तासांची फी वाचू शकते.
काही नुसतं वरच्या वर्गात बसवतात, जमा काही करत नाहीत.
काही तर बघतही नाहीत.
आधी त्या त्या कॉलेजला विचारा."

म्हणजे हुंडी एकच.
एका पेढीवर पूर्ण वटते, दुसरीवर अर्धी,
तिसरीवर शेठ चष्मा कपाळावर चढवून म्हणतो,
ही सही आम्ही ओळखत नाही.
हे असं सांगितलं असतं
तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

एका पेपरची फी ऐकली
आणि मी पार्किंगच्या पावतीमागं आकडे मांडले.
ऋजुतानं पावती पाहिली.
तिला तीन पेपर द्यायचे होते.
"एकच देते," ती म्हणाली, "कॅल्क्युलस."
मी नाही म्हणालो नाही. ते अजून टोचतं.

गांधीबागेच्या सिग्नलला
स्कूटरवर मागून शकुन म्हणाली,
"म्हणजे आमच्या इंटरमिजिएट ड्रॉइंगवानी."
"काय?"
"काही नाही. हिरवा झाला."

रात्री तिनं लोखंडी पेटी उघडली.
डांबरगोळ्यांच्या वासाखाली, लग्नातल्या शालूखाली,
एक प्रमाणपत्र: साल सत्त्याण्णव, बी ग्रेड.
"पेपरात माठ आला होता, दोन लिंबं,
आणि घडी विस्कटलेला टॉवेल.
टॉवेल सगळ्यांचा चुकला, माझा जमला.
चित्रकलेच्या कॉलेजात म्हणे हे दाखवायचं असते."
"मग?"
"दाखवायला नेलं नाही कोणी."

बावीस वर्षं एका घरात राहिलो,
ही नोंद माझ्या कुठल्याच वहीत नव्हती.

मी घरखर्चाची वही काढली.
उजवीकडे लिहिलं: ऋजुता, पेपर एक, रक्कम.
डावीकडची जागा कोरी सोडली,
निकाल जुलैत लागतो म्हणतात,
आणि लागला तरी कोणती पेढी किती धरेल
ते आज सांगता येत नाही.

शकुननं माझ्या हातातलं पेन घेतलं.
कोऱ्या जागेत, अगदी कोपऱ्यात,
दोन लिंबं काढली.
सावलीसकट.
मग म्हणाली, "दोन पेपरचं बघा जमते का,"
आणि कूलरमध्ये पाणी टाकायला गेली.