लोपबिंदू

इंटरमिजिएटच्या परीक्षेआधी गायधनी बाईंनी
आम्हा सहाजणींना पांडवलेणीच्या पायऱ्या चढवल्या.
ओसरीत बसवून म्हणाल्या, एक डोळा मिटा,
पेन्सिल आडवी धरा,
खांब लांब जाताना कसे बुटके होतात बघा.
सगळ्या रेषा जिथे जाऊन विझतात तो लोपबिंदू.
तो लेण्यात नसतो, तुमच्या डोळ्याच्या उंचीवर असतो.
तुम्ही बसलात की तोही बसतो.

मग डबे उघडता उघडता
त्यांनी इटलीतलं एक गाव सांगितलं,
आपल्यासारखंच नदीकाठचं,
लोकरीच्या पेढ्यांचं, सावकारांचं, सोनारांच्या पोरांचं.
प्लेगनं घरंच्या घरं रिकामी केलेली.
उरलेल्यांना वाटलं असेल,
जायचंच आहे तर आधी नीट पाहून घेऊ.
कुठल्याशा मठाच्या माळ्यावर
कुणी उंदरांनी कुरतडलेली पोथी फुंकर मारून उघडली,
तर आत हजार वर्षांपूर्वीचा माणूस बोलत होता
दुखऱ्या गुडघ्याबद्दल, मित्राच्या पत्राबद्दल,
द्राक्षांच्या छाटणीबद्दल.
काही अरबी वैद्यांनी जपलेलं,
काही ग्रीक पंडितांच्या बोचक्यातून आलेलं.
'पेपरात प्रबोधन लिहा, मार्क मिळतील,' बाई म्हणाल्या.
'पुनर्जन्म म्हणतात. पण मेलं कुठे होतं?
वाचणारा नव्हता.'

वर भिंतीवर अक्षरं होती, ती बाईंनाही येईनात.
वहीत उतरवून आणलेला अर्थ वाचला:
विणकरांच्या श्रेणीकडे ठेव, दरमहा शेकडा एक व्याज,
त्यातून भिक्षूंना वस्त्रं.
देणाऱ्याचं नाव, बापाचं, सासऱ्याचंसुद्धा.
मी विचारलं, आणि कोरणाऱ्याचं?
बाई चष्मा पुसत राहिल्या.
'त्या गावात,' म्हणाल्या, 'हळूहळू चित्रकार
कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकू लागले.'

तांबट आळीत परतले तेव्हा
अण्णा हंड्यावर ठिपक्या-ठिपक्यानं नाव घालत होते:
चि. सौ. कां. मंदाकिनी हिस मामाकडून सप्रेम.
गोल तोंड तिरकं धरलं की लंबगोल दिसतं
हे मी आज शिकले.
त्यांच्या हातोडीला ते कधीचंच ठाऊक.
चाळीस वर्षं आळीभर नावं,
रंगनाथ वाळू तांबट कुठेच नाही.

ते जेवायला उठले.
मी हंडा पालथा घातला, बुडाला खिळा टेकवला.
रं बरा आला. ग-ची उभी रेघ घसरली.
ठोका ऐकून अण्णा उष्ट्या हातानं आले,
पाहिलं. रागावले नाहीत.
'चुलीवर चढणार हे. आठ दिवसांत काजळीखाली.'
मग हात धुऊन बसले,
माझी घसरलेली रेघ सरळ केली,
आणि थांबले.
'याच्यापुढे काय येतं?'

गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव लिहून आणायचं.
ते रेघ बघून रेघ उतरवायचे.

मी ड्रॉइंगचा कागद फाडला,
मोठ्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं,
कंदिलाजवळ धरलं.
अण्णा एक डोळा मिटून
कितीतरी वेळ बघत राहिले.